जलरंगाचं पहिलं वर्ष: कोल्हापुरात एकट्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

मागच्या दिवाळीच्या पाडव्याला पंचगंगेच्या घाटावर परीक्षेच्या पॅडला कागद चिकटवून मी पहिलं जलरंगातलं चित्र काढलं. या दिवाळीला त्याला वर्ष झालं. वर्षभरात १४३ कागद रंगवले. त्यातले साठेक बरे म्हणून वेगळे काढले आहेत आणि नऊ मला मनापासून आवडतात. मी मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली होती, त्यानंतर पंचवीस वर्षं ब्रश हातात धरला नव्हता. आता ओळखीतले तीन-चार जण विचारतात, आम्हालाही सुरू करायचंय, काय आणू, कुठनं सुरुवात करू? तोंडी सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

थोडक्यात हवं असेल तर एवढंच: सामान कमी घ्या, जागा एक धरा आणि वर्षभर तिथंच जात राहा.

कागदावर पैसे घाला

नवीन माणूस दुकानात शिरला की आधी रंगांच्या पेटीपाशी थांबतो. मीही चोवीस रंगांची पेटी घेतली आणि कागद मात्र शाळेचा ड्रॉइंग पेपर आणला. पहिल्या महिन्यात जी चित्रं वाया गेली, त्यातली निम्म्याहून जास्त कागदामुळं गेली. आणि मला वाटत होतं, आपल्याला जमत नाही.

शाळेत आपण पोस्टर कलर वापरायचो. तो रंग घट्ट असतो, कागदाच्या वरच्या वर बसतो. जलरंगात रंगापेक्षा पाणी जास्त. पातळ कागदाला एवढं पाणी लागलं की तो फुगतो, त्यात खळगे पडतात आणि रंग त्या खळग्यांत जाऊन साचतो. म्हणून ३०० जीएसएमचा कागद घ्यायचा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. तेवढा जाड कागद पाण्यानं फारसा वाकत नाही.

जाडीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे तो कशाचा केलाय. लाकडाच्या लगद्याचा कागद स्वस्त पडतो, शंभर टक्के कापसाचा महाग. कापसाचा कागद ओल धरून ठेवतो, त्यावर वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सलग थर, सगळीकडं सारखा पसरतो आणि चुकलं तर ओल्या ब्रशनं रंग परत उचलता येतो. लगद्याच्या कागदावर बऱ्याचदा रंग झटकन सुकतो, नको तिथं कडा पडतात आणि दुसरा थर देताना खालचा थर निघून येतो. सरावाला स्वस्त कागद आणि मग 'खऱ्या' चित्राला महाग, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. जलरंगातली निम्मी शिकवणी कागद देतो. स्वस्त कागदावर जे शिकाल, ते चांगल्या कागदावर आल्यावर विसरावं लागेल.

पोत तीन प्रकारचा मिळतो: गुळगुळीत हॉट प्रेस्ड, मध्यम कोल्ड प्रेस्ड आणि खरबरीत रफ. पहिल्या वर्षाला कोल्ड प्रेस्ड.

खर्चाचं गणित असं करा. पूर्ण शीट २२ बाय ३० इंचांची येते. ती तीन वेळा निम्मी करत गेलात की साडेसात बाय अकरा इंचांचे आठ तुकडे होतात. शीट महाग वाटते, पण एका चित्राला तिचा आठवाच भाग लागतो. एवढा आकार तास-दीड तासात पुरा होतो आणि बिघडला तरी जीव हळहळत नाही. शीट मात्र आधी एकच घ्या. मी एका दुकानातून कापसाचा कागद म्हणून एकदम दहा शीट आणल्या. त्या कापसाच्या नव्हत्या, हे मला तिसऱ्या चित्राला कळलं. हे मला तिसऱ्या चित्राला कळलं. आता मी शीटच्या कडेला कारखान्याची ठशाची खूण आहे का ते उजेडात धरून बघतो, आणि घरी आल्यावर एका कोपऱ्यावर नुसतं पाणी लावून ते किती वेळ टिकतं ते पाहतो.

तुकडा पॅडवर ठेवून चारही बाजूंनी मास्किंग टेप लावा. टेप काढताना चित्र पूर्ण कोरडं असू द्या आणि चित्राच्या बाहेरच्या दिशेनं, सावकाश, तिरकी ओढा. घाई केली की कागदाचा वरचा पापुद्रा टेपबरोबर येतो.

ब्रश दोन. एक गोल, १२ नंबरचा, टोकदार. एक चपटा, इंचभर रुंदीचा. दोन्ही सिंथेटिक चालतील. गोल ब्रश पाण्यात बुडवून एकदा झटकला की त्याला टोक आलं पाहिजे. येत नसेल तर दुसरा बघा. पाण्याला दोन डबे: एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं पाणी स्वच्छ ठेवायचं. आणि धुतलेल्या सुती धोतराचा किंवा जुन्या बनियनचा तुकडा. टिश्यू पेपरपेक्षा तो कितीतरी चांगला.

रंग सहा

चोवीस रंगांची पेटी मी पोरीला देऊन टाकली. आता माझ्याकडं सहा ट्यूब आहेत: अल्ट्रामरीन ब्लू, प्रशियन ब्लू, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि एक लाल. काळा नाही, पांढरा नाही. पांढऱ्याच्या जागी कागद कोरा सोडायचा, आणि काळा स्वतः करायचा: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट घेऊन मिसळले की होतो. निळा थोडा जास्त घातला तर सावलीतला थंड काळा, सिएना जास्त घातला तर उन्हातल्या दगडाचा उबदार करडा. घाटाचा सगळा दगड मी या दोन रंगांत रंगवतो. अल्ट्रामरीनची भुकटी कागदाच्या खळग्यांत कणाकणानं बसते आणि सुकल्यावर आपोआप दगडाचा खरबरीतपणा येतो. ट्यूबमधला तयार काळा लावला तर त्या जागी चित्राला भोक पडल्यासारखं दिसतं.

तयार हिरवाही घेऊ नका. कोवळ्या उसाचा हिरवा लेमन यलोत प्रशियनचा अगदी टोकभर थेंब घातला की मिळतो. रंकाळा तलावातल्या केंदाळाचा (जलपर्णीचा) मळकट हिरवा अल्ट्रामरीन आणि ऑकरचा.

लाल घेताना ट्यूबवर रंगद्रव्याचा कोड बघा. ॲलिझरिन क्रिमसन, म्हणजे पीआर ८३, हा दिसायला फार देखणा आहे, पण उजेडात उडतो. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला जाऊन आलो आणि गुलालात न्हालेल्या डोंगराचं चित्र काढलं. माझ्या पहिल्या बऱ्या चित्रांपैकी ते एक. ते खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलं. गणपतीपर्यंत त्यातल्या पातळ जागांवरचा गुलाबी निघून गेला होता आणि डोंगर राखाडी उरला होता. आता मी क्विनॅक्रिडोन रोझ वापरतो, कोड पीव्ही १९. तो टिकाऊ आहे. ट्यूबच्या नावापुढं 'ह्यू' लिहिलं असेल तर तो मूळ रंगासारखा दिसणारा पर्याय आहे असं समजा. तो वाईट असतोच असं नाही, फक्त कोड वाचून घ्या.

रंग ओळखण्यात माझा धंदा मला उपयोगी पडला, हे इथं सांगतो. सौद्यात गुळाचा भाव बऱ्याच अंशी रंगावर ठरतो. पिवळाधमक रवा (गुळाची ढेप) वर जातो, काळपट खाली येतो. वीस वर्षं ते बघून डोळ्याला पिवळ्यातल्या आठ-दहा छटा आपोआप कळायला लागल्या होत्या. तुमच्याही कामात असं काहीतरी असेल. कापडाच्या दुकानात बसणाऱ्याला, चपलेचं कातडं बघणाऱ्याला, घरात फोडणीचा रंग बघून गॅस बारीक करणाऱ्या बाईला रंग पारखायची सवय असतेच.

पहिले पंधरा दिवस नुसते वॉश

या दिवसांत घर, झाड, माणूस काहीही काढायचं नाही. कागदावर पेन्सिलीनं चौकोन आखायचे आणि ते सपाट रंगानं भरायचे. पॅडच्या वरच्या कडेखाली खोडरबर ठेवा म्हणजे थोडा उतार येईल. ब्रश भरून वरून एक आडवा पट्टा ओढा. पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाच्या पाण्याची एक जाड ओळ साचेल. पुढचा पट्टा त्या ओळीला टेकवून ओढायचा, म्हणजे ती ओळ खाली सरकते. ती शेवटपर्यंत मोडू द्यायची नाही. तळाशी पोहोचल्यावर ब्रश फडक्यावर टिपून त्याच्या टोकानं साचलेलं पाणी शोषून घ्यायचं. मागं जाऊन सारवासारव करायची नाही. जलरंगातल्या बहुतेक डागांचं कारण ही सारवासारव असते.

रंग किती दाट घ्यायचा, हे मी दुधावरून ठरवतो. आमच्याकडं गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून दूध देतात, तिथं रोजचं जाणं. आभाळाला निवळ ताकाएवढा पातळ रंग, लांबच्या डोंगराला दुधाएवढा, मधल्या झाडांना बासुंदीएवढा आणि जवळच्या सावल्यांना सायीएवढा. प्लेट तिरकी करून रंग कसा ओघळतो ते बघत जा, आठवड्यात अंदाज येतो. आणि लक्षात ठेवा, जलरंग सुकल्यावर फिका पडतो. ओला असताना जरा जास्तच गडद वाटला पाहिजे. नवीन माणूस नेमका इथं घाबरतो, आणि म्हणून सुरुवातीची सगळी चित्रं धुऊन काढल्यासारखी दिसतात. कागदाचा एक चिटोरा जवळ ठेवा, त्यावर रंग लावून सुकवून बघा आणि मगच चित्राला हात लावा.

ओल ओळखणं

या भागासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

गुऱ्हाळावर गेलात तर गुळव्याला बघा. काहिलीत रस उकळत असतो, चुलवाणात चिपाडं पडत असतात, आणि तो फक्त बुडबुड्यांकडं बघत उभा असतो. मधूनच चिमूटभर पाक गार पाण्यात टाकून बोटांत गोळी होते का बघतो. दोन मिनिटं आधी काहील उतरवली तर गूळ बसत नाही, दोन मिनिटं उशीर झाला तर करपतो. त्याला घड्याळ लागत नाही. जलरंगात कागदाच्या ओलीचं तसंच आहे. कोणता रंग लावता यापेक्षा कागद कोणत्या ओलीला असताना लावता, यावर चित्र ठरतं. हे मला पाचव्या महिन्यात उमगलं. कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

मी पाच अवस्था मानतो. पहिली: कागदावर पाणी उभं आहे, तिरका केला की वाहतं. या वेळी काहीही लावू नका, रंग भरकटतो. दुसरी: पाणी जिरलं, पण कागद आरशासारखा चमकतोय. आता लावलेला रंग मऊ पसरतो, कडा राहत नाही. आभाळ, धुकं, पाण्यातली प्रतिबिंबं यांची हीच वेळ. तिसरी: चमक मंद झाली, ओल्या रेशमासारखी. ही सर्वांत मोलाची आणि सर्वांत थोडा वेळ टिकणारी. आता दाट रंग लावला तर तो फार पसरत नाही, फक्त त्याची कड विरघळते. धुक्यातली झाडं इथं होतात. चौथी: चमक गेली, कागद कोरडा दिसतो, पण आत ओल आहे. ही धोक्याची. या वेळी पाणचट ब्रश टेकवला की नवं पाणी अर्धवट सुकलेला रंग बाहेर ढकलतं आणि कातरलेल्या कडेचा डाग उमटतो. चित्र काढणारे त्याला फुलकोबी म्हणतात. पाचवी: पूर्ण कोरडा. आता स्वच्छ, कडक कडेचा दुसरा थर द्यायला हरकत नाही.

चौथी आणि पाचवी डोळ्यांनी वेगळी कळत नाही. त्यासाठी हाताची पालथी बाजू कागदाला हलकेच लावा. गार लागला तर आत ओल आहे. थांबा. बोटांची टोकं लावू नका, त्यांचं तेल कागदाला लागतं आणि पुढचा वॉश तिथं धरत नाही. चमक बघायची असेल तर कागदाकडं वरून न बघता डोळे पॅडच्या पातळीवर आणून उजेडाच्या दिशेनं बघा.

एका सकाळचं सांगतो. रंकाळ्यावर धुकं होतं आणि संध्यामठ पाण्यातून वर आल्यासारखा दिसत होता. मी पूर्ण कागद ओला केला, निवळ ताकाएवढा निळसर करडा सगळीकडं फिरवला आणि ब्रश खाली ठेवला. फिरायला आलेले काका मागं उभे होते. म्हणाले, "झालं होय?" म्हटलं, "काका, अजून सुरू व्हायचंय." चमक मंद झाली तशी अल्ट्रामरीन-सिएनाचा सायीएवढा दाट रंग, जवळजवळ पाणी नसलेला, ब्रशच्या टोकावर घेतला आणि मठाची छपराची रेघ एकदाच ओढली. खांब चार फटक्यांत. तळाशी पाण्याला टेकतात तिथं ब्रश नुसता ओलसर करून खाली खेचला. दीड मिनिट लागलं असेल. कडा धुक्यात विरत गेल्या, आणि मी पुन्हा हात लावला नाही. ते चित्र माझ्या नऊंपैकी एक आहे. त्याआधी त्याच जागी अकरा कागद गेले होते.

सराव असा करा: एका तुकड्यावर पाच चौकोन, सगळे एकदम ओले करा. दर दोन-तीन मिनिटांनी एकेका चौकोनात दाट रंगाची एक उभी रेघ मारा आणि खाली वेळ लिहा. सुकल्यावर त्या पाच रेघा शेजारी शेजारी बघा. हा कागद भिंतीवर लावून ठेवा.

एक जागा धरा

मी घाट धरला. घरापासून चालत पंधरा मिनिटं, हे एक कारण. पण घाटावर नवशिक्याला लागतं ते सगळं आहे: आडव्या पायऱ्या, पात्रातली दगडी देवळं, पाणी, पलीकडचा सपाट काठ आणि लांबवर शिवाजी पुलाच्या कमानी. तुम्ही राजाराम तलाव धरा, कोटितीर्थ धरा, नाहीतर घरामागची गल्ली. फक्त दर आठवड्याला एकदा तरी जाता यायला हवं.

पहिल्या तीन चित्रांत मी प्रत्येक पायरी मोजून काढली आणि दगड काळा म्हणून काळा रंगवला. मग एकदा दुपारी बाराला गेलो. उन्हातला कोरडा दगड चक्क पांढुरका दिसत होता, कागद कोरा सोडण्याइतका. पाण्याला लागलेल्या खालच्या दोन पायऱ्याच तेवढ्या काळ्या होत्या, ओल्या असल्यामुळं. म्हणजे दगडाचा रंग एकच, पण त्याची गडद-फिकी छटा, ज्याला चित्रकलेत टोन म्हणतात, ती ऊन आणि ओलीवर ठरते. त्या दिवसापासून मी रंग लावण्याआधी काडेपेटीएवढं पेन्सिल स्केच काढतो, ४बी पेन्सिलीनं, फक्त तीन टोनमध्ये: कोरा, मधला, गडद. डोळे बारीक करून बघितलं की बारीकसारीक तपशील जातात आणि तीन ढोबळ पट्टे उरतात. या स्केचला पाच मिनिटं लागतात. ते नीट झालं नाही तर रंग काढूच नका.

शेजारी धुणं धुणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "दादा, मगासधरनं त्यो दगुडच काढालाय व्हय?" मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "संध्याकाळी या, तवा लाल हुतंय सगळं." गेलो. सकाळी ऊन शहराकडून, आपल्या पाठीमागून येतं. तेव्हा पायऱ्या सावलीत असतात आणि पलीकडचा काठ उजळतो. संध्याकाळी सूर्य नदीपलीकडं उतरतो आणि तोच करडा दगड बर्न्ट सिएनात बुडवून काढल्यासारखा होतो. मला हे सहा महिन्यांत दिसलं नव्हतं, त्यांना रोजचं होतं. जागेवर रोज येणाऱ्या माणसांशी बोलत जा.

माणसं काढायची भीती वाटते, तर सुरुवातीला फक्त एक ठिपका आणि खाली निमुळता फटका. डोकं लहान ठेवा. एवढ्यानंही घाटावर वर्दळ दिसते.

ऋतूप्रमाणं बसा

सुरुवातीला दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळची हवा गार, वॉश सावकाश सुकतो, विचार करायला वेळ मिळतो. एप्रिल-मेमध्ये त्याच कागदावर तोच वॉश चार-पाच मिनिटांत सुकून जातो आणि तिसरी अवस्था हाती लागतच नाही. यावर उपाय: कागद दोन्ही बाजूंनी ओला करून ॲक्रिलिकच्या किंवा गुळगुळीत प्लास्टिकच्या पाटीवर पसरा, तो टेपशिवाय चिकटून बसतो आणि बराच वेळ ओला राहतो. पाण्याची स्प्रेची बाटली जवळ असू द्या. कागदावर थेट ऊन पडेल असं कधीच बसू नका. पांढऱ्या कागदावरचं ऊन डोळे दिपवतं, मग आपण सगळं गडद लावत जातो आणि घरी आणल्यावर चित्र कोळशासारखं दिसतं.

पावसाळ्यात घाट पाण्याखाली जातो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फुटांची, धोका पातळी ४३ फुटांची. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण सगळ्यांनी बघितलेत. नदी पात्राबाहेर पडली की चित्रासाठी पाण्याजवळ जाऊ नका, हे मी कळकळीनं सांगतो. लांबून, उंचावरून काढा. पुराचं पाणी निळं कधीच नसतं. ऑकर, सिएना आणि त्यात किंचित क्रिमसनकडं झुकणारा लाल. माझ्या जुलैतल्या चार चित्रांत देवळांचे फक्त कळस आहेत, बाकी सगळं चहासारखं पाणी.

त्या दिवसांत घरात एक वॉश सुकायला अर्धा तासही लागतो. पंखा लावू नका, एका बाजूनं सुकत जातं. हेअर ड्रायर वापरायचा तर चमक पूर्ण गेल्यावर आणि हातभर लांबून. चमक असताना लावला तर वाऱ्यानं रंग ढकलला जातो. कोऱ्या कागदाचीही काळजी घ्या. कागदाला कारखान्यात खळ दिलेली असते, तिच्यामुळं पाणी लगेच आत जिरत नाही. दमट हवेत कागदाला बुरशी धरली की ती खळ जाते आणि मग रंग टिपकागदावर सांडल्यासारखा ठिपक्याठिपक्यांनी शोषला जातो. माझ्या दोन शीट अशा गेल्या. आता जूनच्या आधीच कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, कपाटाच्या वरच्या खणात ठेवतो.

बिघडलं तर

फुलकोबी उठली तर लगेच पुसायला जाऊ नका. पूर्ण सुकू द्या. मग चपटा ब्रश ओला करून, फडक्यावर टिपून, डागाच्या कडेवर हलकेच घासा आणि फडक्यानं टिपा. कापसाच्या कागदावर कड बरीच मऊ होते. प्रशियन ब्लू मात्र कागदात मुरतो, तो पुरता निघत नाही. तीन थरांनंतर रंग मळका व्हायला लागला, तर ते चित्र तिथंच थांबवा आणि तोच विषय नव्या तुकड्यावर सुरू करा. दुसऱ्या वेळी कुठं थांबायचं हे माहीत असतं. मागची बाजू फेकू नका, वॉशच्या सरावाला ती चालते.

मूळ चित्रं बघा

पुस्तकात किंवा मोबाईलवर बघून जलरंग पुरता कळत नाही, कारण कागदाचा पोत आणि कोऱ्या सोडलेल्या जागा छपाईत हरवतात. आपल्या गावाला कलापूर म्हणतात ते उगाच नाही. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमान इथलेच. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले, १९३१ मध्ये गेले, आणि आपल्या रोजच्या वाटेवरची कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा हीच त्यांची चित्रं काढायची ठिकाणं. सीपीआर रुग्णालयाजवळच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात जुन्या चित्रकारांचं काम आहे. राजारामपुरीत अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे, तिथं त्यांची निसर्गचित्रं आणि पावडर शेडिंगची, म्हणजे रंगाची भुकटी घासून केलेली, कामं बघायला मिळतात. दसरा चौकात शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात सतत कुणाचं ना कुणाचं प्रदर्शन असतं. तिथं चित्रकार स्वतः हजर असला तर विचारा. मी विचारलेल्या एकानंही सांगायला टाळाटाळ केली नाही. एका चित्रापुढं दहा मिनिटं उभे राहा आणि फक्त एवढं शोधा: सर्वांत आधी कोणता वॉश दिला असेल, आणि कोरा कागद कुठं सोडलाय.

मागं लिहून ठेवा

प्रत्येक चित्राच्या मागं पेन्सिलीनं तारीख, वेळ, जागा, हवा आणि कोणते रंग वापरले ते लिहा. पेननं नको, शाई पुढून दिसते. बिघडलेल्या चित्रांच्या मागंही लिहा, आणि काय बिघडलं ते एका ओळीत. मी दर अमावास्येला त्या महिन्याचे कागद फरशीवर मांडतो. दुकानाला त्या दिवशी सुट्टी असते.

या पाडव्याला मी सगळे १४३ मांडले. बाहेरच्या खोलीत मावेनात, म्हणून स्वयंपाकघरापर्यंत रांग गेली. बायकोनं गेल्या पाडव्याचा घाट आणि या पाडव्याचा घाट उचलून शेजारी ठेवले. पहिल्यात पायऱ्यांच्या एकोणीस रेघा आहेत, पट्टीनं आखलेल्या. दुसऱ्यात पायऱ्या म्हणून तीनच फटके आहेत, खालचा ओलसर आणि काळा, वरचे दोन तुटक, मधून कागद दिसणारे. ती बराच वेळ दोन्हीकडं बघत होती. मग दुसऱ्यावर बोट न टेकवता म्हणाली, "इथं पाय घसरतोय बघा."

नवी शीट आणली आहे. उद्या आठ तुकडे करून ठेवतो. सकाळी घाटावर भेटलात तर पॅड घेऊन या, पाण्याचा दुसरा डबा माझ्याकडं आहे.